मी पाहिलं, असं मी म्हणालो

९ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार

हंगामाचा पहिलाच सामना हरलो. मी चार धावा. चेंडू आत वळला असं मुनव्वर म्हणतो. मला तो आलेलाच कळला नाही, स्टंप पडल्याचा आवाज तेवढा कळला.

मॅटिंग नवं आहे. काथ्याची जुनी चटई फाटली म्हणून हिरवं काहीतरी आणलंय, ते सिमेंटवर नीट बसत नाही. सवय व्हायला दोन-तीन सामने जातील. शिवाय मैदानावर माश्या फार झाल्यात. अर्दियाच्या गोदामांमागेच आपलं मैदान, तिथे काहीतरी सडत असणार. डाव्या बाजूने सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या. हाताने हाकलत होतो तर मुनव्वर म्हणाला, "कुणाला हात करतोस?"

यंदा रोज जमलं नाही तरी आठवड्याला एकदा लिहायचं ठरवलंय. अर्दिया जिमखाना मी आणि मुनव्वरने सत्त्याऐंशी साली काढला. मी नाशिकचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीयर. तो हर्णैचा, अम्गऱ्याला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. आमच्यात कुणाला खेळायचे पैसे मिळत नाहीत. सहा दिवस राबायचं आणि शुक्रवारी पहाटे किट उचलून वाळूत जायचं. नव्वद साली आखाती युद्धात सगळे पांगलो, ब्याण्णवला परत आलो, पुन्हा पहिल्यापासून संघ बांधला. कप्तान मीच. इतक्या वर्षांत एकदाही फायनल खेळलो नाही. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. हा माझा शेवटचा हंगाम असं मीच सगळ्यांना सांगत सुटलोय, म्हणजे ते दुसऱ्या कुणी सांगायला नको.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

घरात बसवत नाही. सोफ्यावरून उठतो, बाल्कनीत जातो, परत येतो. श्यामला हल्ली मंगळवारी संध्याकाळी रुमैथियाला कसल्यातरी क्लासला जाते. शिवण असावं. विचारायचं राहूनच जातं.

मुनव्वरने शुक्रवारच्या जुन्या बाजारातून मला क्रिकेटचं एक इंग्रजी वार्षिक आणून दिलं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं. मागे मृत्युलेख आहेत. एक पाद्री होता, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. अकरा हंगाम आपल्या काउंटीकडून एक पैसा न घेता खेळला. सर्वाधिक धावा अडतीस. लिहिलंय, चेंडू बॅटला लागून झेल गेला तर तो अंपायरकडे न बघता तंबूकडे चालू लागे. त्याच्याबद्दल एवढंच. चार ओळी. मी त्या तीनदा वाचल्या. छपाई फार वाईट, ओळी मधेच वाकल्यासारख्या दिसतात.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो, पण माझ्यामुळे नाही. मी शून्य, आणि स्लिपमध्ये दोन सोपे झेल सोडले. दुसरा तर हाताला न लागता पोटावर बसला.

आमच्यात एक नवा आलाय, जयदीप, पुण्याचा, पेट्रोकेमिकलमध्ये ट्रेनी. तेवीस-चोवीसचा. त्याने बावन्न केल्या. पाय काय हलतात त्याचे! मला "सर, सर" करतो.

सामन्यानंतर मुनव्वरने मला गाडीमागे नेलं. "गुरू, सातव्या नंबरावर ये. आणि डोळे दाखव कुणाला तरी."

"माझे डोळे उत्तम आहेत."

"मेल्या, मी कीपर आहे. तुझ्या शेजारी उभा असतो. चेंडू गेल्यावर तू हात पुढे करतोस."

मी किट उचलून गाडीत टाकलं. घरी येताना पूर्वेकडे वीज चमकल्यासारखी वाटली, दोन-तीनदा. ढग एकही नव्हता. रिफायनरीची ज्वाळा असेल.

इथे कुणाला माहीत नाही ते लिहून ठेवतो. कॉलेजात उजव्या डोळ्यावर चेंडू बसला होता. तेव्हापासून तो डोळा नावापुरता आहे. कंपनीच्या तपासणीत भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं पाठ करून पास झालो. श्यामलालाही सांगितलेलं नाही. म्हणजे मी गेली वीस वर्षं डाव्या डोळ्यावर खेळतोय आणि माझी सरासरी सतरा आहे. मुनव्वरला काय कळणार!

५ नोव्हेंबर, गुरुवार

इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबाला गाडी घासली. जुईली शेजारी बसली होती. चौदा वर्षांची आहे, मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. "बाबा, यू डिडन्ट इव्हन लुक!" मी म्हटलं, खांब कुणी मधे बांधतं का? वर जाऊन तिने आईला काहीतरी सांगितलं. आता जुईली मागेच बसते.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

सीमेपलीकडे पुन्हा पेटणार असं सगळे म्हणतात. जमियात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, पाण्याच्या बाटल्या संपल्या. काचांना चिकटवायच्या पट्ट्यांसाठी लोक भांडत होते. श्यामलाने पासपोर्ट आणि दागिने एका पिशवीत भरून दाराशी ठेवले. नव्वदला अम्मानपर्यंत वाळवंटातून जाताना जुईली सहा वर्षांची होती आणि तिला ताप होता. ते श्यामला कधी बोलत नाही, पण पिशवी भरताना मी तिच्याकडे बघितलं आणि मला आठवलं.

ती म्हणाली, "अहो, आज तरी जाऊ नका."

मी गेलो. दहा माणसं वाट बघत असतात.

आणि आज मी एकतीस केल्या! मुनव्वर दुसऱ्या टोकाला होता. प्रत्येक चेंडूला ओरडत होता, "सोड!", "पुढे!", "पळ!". मी त्याच्या आवाजावर खेळलो म्हटलं तरी चालेल. फॉर्म परत आलाय. सेमी फायनल नक्की झाली.

१ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसात मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला की मार्चमध्ये करार संपतोय, नूतनीकरणाला पुन्हा वैद्यकीय तपासणी लागेल. मी "इन्शाल्ला" म्हणून बाहेर आलो. दुपारभर एकाच रिपोर्टपुढे बसलो होतो. तपासणीचा तक्ता अजून तोच असेल का?

श्यामला क्लासहून आली तेव्हा खुशीत होती. म्हणाली, "पास झाले." मी म्हटलं, "छान." शिवणाचीही परीक्षा असते हे माहीत नव्हतं.

११ डिसेंबर, शुक्रवार

जिंकलो. फायनलला गेलो! सगळं नीट लिहितो.

समोर रियाजचा संघ. रियाज हैदराबादचा, दवाखान्यांना यंत्रं विकतो, दहा वर्षं माझ्याविरुद्ध खेळतोय. सरळ माणूस. त्यांनी एकशे चाळीस केल्या. मी सलामीला जाऊन दोन धावांवर परतलो. आमच्या लीगमध्ये बॅटिंग करणाऱ्या संघाचीच माणसं अंपायर म्हणून उभी राहतात, म्हणून पॅड काढून मी शेवटच्या दहा षटकांना उभा राहिलो. आजवर माझ्या निर्णयावर कुणी ब्र काढलेला नाही. याचा मला धावांपेक्षा जास्त अभिमान आहे.

शेवटचा चेंडू. जिंकायला दोन धावा. बरोबरी झाली तर रियाजचा संघ पुढे, कारण त्यांचे बळी कमी गेले होते. गोलंदाज खुद्द रियाज. समोर मुनव्वर, माझ्या टोकाला जयदीप. मुनव्वरने मिडविकेटला मारला. एक धाव सहज झाली. दुसरीसाठी जयदीप माझ्या टोकाकडे धावत सुटला. फेक आली, रियाजने चेंडू धरून स्टंप उडवले, जयदीपने वाळूत उडी घेतली. धूळ. आणि सगळे एकदम ओरडले.

मी मान हलवली. नाबाद.

रियाज माझ्याजवळ आला. आरडाओरडा केला नाही. हळूच म्हणाला, "गुरुभाई, आपने देखा?"

"देखा," मी म्हणालो.

त्याने माझ्याशी हात मिळवला आणि तो आपल्या माणसांना घेऊन गेला.

मग सगळ्यांनी मला उचललं. मुनव्वरने मात्र नाही, तो नमाजाला उशीर होतोय म्हणून घाईत निघाला. त्याच्या बायकोने, कुबराभाभीने, दोन डेग बिर्याणी पाठवली होती, तीही त्याने खाल्ली नाही.

मी पाहिलं. जयदीपची बॅट रेषेच्या आत होती. असलीच पाहिजे. उडी वेळेवर होती.

१२ डिसेंबर, शनिवार

बेल्स उडताना दिसल्या, त्या मला अजून दिसतायत. लाल दिवा लागल्यासारख्या स्पष्ट. बेल्स पाहिल्या म्हणजे मी बघत होतो.

ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. फायनल रमजाननंतर. दीड महिना आहे. मला आनंद का होत नाही कळत नाही. जिन्यावरून दोनदा वर-खाली केलं.

१३ डिसेंबर, रविवार

बॅट आठवत नाही. रेषाही आठवत नाही. बेल्स आठवतात आणि त्यांच्याखाली काही नाही.

दुपारी ऑफिसातून आल्यावर बाल्कनीत उभा राहिलो. उजवा डोळा हाताने झाकला आणि रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाकडे बघितलं. वरचा दिवा दिसला, अर्धा खांब दिसला. खालचा अर्धा नव्हता. तिथे काळं होतं, काळी चादर कुणी खालून वर ओढत आणावी तसं. हात काढला, पुन्हा झाकला. पाच वेळा. खांब प्रत्येक वेळी अर्धाच.

मग आत येऊन भिंतीकडे बघितलं. पांढऱ्या भिंतीवर माश्या. आमच्या घरात माश्या नाहीत.

श्यामला स्वयंपाकघरात होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "मला खालचं दिसत नाही."

तिने गॅस बंद केला. "कधीपासून?"

मी महिने मोजू लागलो. तीच म्हणाली, "ऑगस्टपासून तुम्ही पेला टेबलाच्या कडेवर ठेवता. तीन फुटले. मी चारदा म्हटलं डॉक्टरकडे चला, तुम्ही चारदा म्हणालात हंगाम होऊ दे." मग तिने खुंटीवरची किल्ली घेतली. "चला. गाडी मी चालवते."

"तू?"

तिने पर्समधून लायसन्स काढून माझ्या हातात ठेवलं. फोटोत ती हसत होती. रुमैथियात शिवणाचा नव्हे, गाडीचा क्लास होता.

रस्ताभर ती दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसली होती. छान चालवते. मी तसं म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं.

१४ डिसेंबर, सोमवार

डाव्या डोळ्याचा पडदा फाटलाय आणि सुटत चाललाय. काल प्राथमिक तपासणीत कळलं, आज मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. त्यांनी विचारलं, "चमक? काळे ठिपके?" मी म्हटलं, "ऑक्टोबरपासून." ते लिहीत राहिले. परवा सकाळी ऑपरेशन. तोपर्यंत पडून राहायचं, धक्का लागू द्यायचा नाही. मधोमध दिसतं तो भाग अजून शिल्लक आहे, तोही कधी सुटेल सांगता येत नाही.

उजव्या डोळ्याचं त्यांना आपोआपच कळलं. श्यामला शेजारी बसली होती. तिला लग्नानंतर सतरा वर्षांनी तिथे कळलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बरं, अजून काही असेल तर तेही सांगून टाका."

मी सांगितलं. जयदीप बाद होता की नाही ते मला दिसलं नाही आणि मी दिसलं म्हणालो.

तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही. एकदाही मैदानावर आलेली नाही. ती म्हणाली, "मग ज्याला खोटं सांगितलंत त्याला खरं सांगा. त्यात काय एवढं?"

१५ डिसेंबर, मंगळवार

ऑपरेशननंतर किती आठवडे बिछान्यात, कुणास ठाऊक. त्यामुळे आजच गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. श्यामला आधी नाहीच म्हणत होती, मग तिने माझ्या मानेमागे दोन उशा लावल्या आणि अम्गऱ्याच्या खड्ड्यांतून ताशी वीसने गाडी नेली. मागचे ट्रक हॉर्न देऊन देऊन थकले.

मुनव्वर काउंटरमागे होता. मी सगळं सांगितलं. तो हातातला फिल्टर फिरवत राहिला.

"गप्प राहा," तो म्हणाला. "अंपायरचा निर्णय शेवटचा. कायदा आहे."

"मला दिसलंच नाही तर निर्णय कसला?"

"मला दिसलं." त्याने फिल्टर खाली ठेवला. "मी पोचून वळलो होतो. जयदीप वीतभर बाहेर होता. मी बोललो नाही. आता तू बोललास तर मीही खोटा."

"तू त्या वेळी बोलला असतास तर?"

"तर तुझी मान खाली गेली असती, सगळ्यांसमोर. मेल्या, दोन महिने मी तुझे डोळे होतो. चेंडू कुठे पडला ते ओरडून सांगत होतो. तुला वाटलं तू खेळतोयस. एक फायनल तुला मिळावी एवढंच वाटलं मला."

ते ऐकून मला राग आला. उपकारांचा राग येतो हे आज कळलं. मी काहीबाही बोललो, ते इथे लिहीत नाही. तो दुकानाच्या दारापर्यंतही आला नाही. गाडीत श्यामला म्हणाली, "घरी?" मी म्हटलं, "रियाजकडे."

रियाजने खुर्ची दिली, चहा मागवला. मी उभ्यानेच सांगितलं, "रियाजभाई, उस दिन मैंने नहीं देखा था. मुझे दिखता ही नहीं."

त्याने आलेला चहा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मुझे मालूम था वो आउट है. मेरे हाथ में बॉल थी. लेकिन आपने कहा देखा, तो मैंने सोचा मेरी ही नज़र का धोखा होगा. चार दिन से मैं खुद पर शक कर रहा हूँ."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लीगच्या समितीला पत्र श्यामलानेच लिहिलं, मी फक्त सही केली. कप्तानपदाचा राजीनामाही त्यातच. सही कुठे करायची ते तिने बोट ठेवून दाखवलं.

उद्या सकाळी सातला दाखल व्हायचं. भीती वाटते. अक्षर ओळीत येतंय का ते दिसत नाही.

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार

हे अक्षर माझं, श्यामलाचं. डॉक्टरांनी ह्यांचं लिहिणं-वाचणं अजून दोन महिने बंद ठेवलंय. हे सांगतायत, मी लिहितेय. ते म्हणतात, मधलं थोडक्यात लिही.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात होतो तेव्हा सीमेपलीकडे बाँब पडत होते आणि मी पिशवी घेऊन ह्यांच्या खाटेशी बसले होते. पाच आठवड्यांनी आता उजेड आणि आकृती दिसतात. पुढे किती येईल ते उन्हाळ्यात कळेल. मार्चमधली तपासणी होणार नाही हे कंपनीला सांगून टाकलंय. जूनमध्ये परत जावं लागेल असं दिसतंय. जुईलीने ऐकलं, दार लावून घेतलं, तासाभराने बाहेर येऊन मराठीत विचारलं, "नाशिकला माझी खोली असेल ना?"

समिती म्हणाली, निकाल बदलता येत नाही, पण दोन्ही कप्तान तयार असतील तर ईदनंतर सामना पुन्हा खेळा. रियाजभाई लगेच तयार झाले. आमच्या संघात मात्र भांडण झालं. जयदीप म्हणाला, सरांनी स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी आमची फायनल दिली. मुनव्वरभाई नवे कप्तान. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी पाहिलं होतं. तो बाद होता. खेळायचं." हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, कुबराने सांगितलं.

आज तो सामना झाला. ह्यांनी लिहायला सांगितलंय ते असं: रियाज इलेव्हन १३३. अर्दिया जिमखाना सर्वबाद १२४. नऊ धावांनी पराभव. जयदीप ४७. अंपायरिंग चांगलं.

आता ह्यांना सांगितलं की उरलेलं मी माझं लिहिते. हे बरं म्हणाले.

मी गाडी रेषेजवळ लावली होती. हे शेजारी, काळा चष्मा लावून. मला म्हणाले, "काय चाललंय ते सांग."

मी म्हटलं, "एक उंच माणूस धावत आला. आपल्या माणसाने बॅट फिरवली. चेंडू गेला."

"कुठे? कव्हरला की पॉइंटला?"

"पाण्याच्या टाकीकडे."

आधी चिडले. मग मी टाकी, तंबू, पांढरी व्हॅन आणि गोदाम असं ठरवून घेतलं आणि तसंच सांगत गेले. कोण धावताना लंगडतोय, कोण झेल सुटल्यावर आकाशाकडे बघतो, मुनव्वरभाई प्रत्येक चेंडूआधी आपल्या टोपीला हात लावतात. ते ह्यांना ठाऊक नव्हतं, शेजारी इतकी वर्षं उभे राहून. दहाव्या षटकानंतर ह्यांनी कव्हर-पॉइंट विचारणं सोडलं. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "तू आधी का नाही आलीस?" मी म्हटलं, "तुम्ही कधी बोलावलंत?" त्यावर टाकीकडे गेलेला एक चेंडू सांगायचा राहिला.

शेवटचा गडी जयदीप. झेल गेला तेव्हा तो बराच वेळ तिथेच उभा होता. नंतर सगळे गाडीशी आले, तो आला नाही. रियाजभाईंनी खिडकीतून हात आत घातला. ह्यांचा हात दुसरीकडेच गेला, आरशापाशी. रियाजभाईंनी तो तिथे जाऊन धरला. मुनव्वरभाई सगळ्यांत शेवटी आले. मुनव्वरभाईंनी दार उघडलं, ह्यांना धरून उतरवलं आणि खेळपट्टीपर्यंत नेऊन आणलं. परत आले तेव्हा दोघांचेही बूट वाळूने भरले होते आणि दोघांनाही नाक पुसायला रुमाल हवा होता. माझ्याकडे एकच होता.

येताना मी नेहमीचा रस्ता घेतला नाही. समुद्राकडे गाडी वळवली. ह्यांना वळण कळलं. किनाऱ्यावर थंड वारा होता. बाकावर बसलो. ह्यांनी विचारलं, "पुढच्या शुक्रवारी काय करू या?"

लग्नाला सतरा वर्षं झाली, शुक्रवारचं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सांगते."

अजून सांगितलेलं नाही. खूप गोष्टी सुचतायत.